गटाचा पैसा आणि ट्रस्टचा पैसा

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या बोलण्याचा मजकूर)

कुणी तांदूळ निवडत ऐकत असाल, कुणी बांधावर बसून मोबाईलवर. आजचा विषय कायद्याचा आहे, पण रेडिओ बंद करू नका, कारण तो तुमच्या सहीचाही आहे.

गेल्या महिन्यात एका गावात गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक संपली, बाया उठल्या, एक वहिनी मात्र चपला घालता घालता रेंगाळल्या. म्हणाल्या, "ताई, देवळाच्या ट्रस्टवर माझं नाव घालायचं म्हणतायत. एक बाई पाहिजे म्हणे. आधारची झेरॉक्स अन् दोन फोटो मागितलेत. देऊ का?"

मी विचारलं, "ट्रस्टकडे काय काय आहे?"

"देऊळ आहे की."

"जमीन?"

"असंल."

"हिशोब कोण लिहितं?"

"ते पुढारी मंडळी बघतात. मला म्हणाले, वहिनी, तुम्हाला काही करायचं नाही. फक्त सही."

हे 'फक्त सही' मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं की पोटात गोळा येतो. बाईला ट्रस्टवर घेतात ही चांगलीच गोष्ट आहे. शनिशिंगणापूरच्या देवस्थानात अध्यक्षाच्या खुर्चीवर पहिल्यांदा बाई बसली ती २०१६ साली, म्हणजे अगदी काल-परवा. तेव्हा नाव देऊ नका असं मी सांगणार नाही. पण कायद्यात 'फक्त सही' असं पदच नाही. विश्वस्त म्हणजे विश्वस्त. सही करणारा, न करणारा, बैठकीला येणारा, न येणारा, सगळे एकाच यादीत असतात आणि नोटीस यादीवरच्या नावांना जाते.

मला हे पुस्तकात वाचून कळलेलं नाही, चूक करून कळलंय. ती चूक आधी सांगते.

आठ-नऊ वर्षं झाली. आमच्या गावात महिला मंडळ आहे. बचत गट नव्हे, मंडळ. त्याची दोन प्रमाणपत्रं भिंतीवर चौकटीत लावलेली आहेत, एक संस्था नोंदणीचं आणि एक सार्वजनिक ट्रस्टचं. बीए झाल्यावर मी गावातच होते, लिहिता-वाचता येतं म्हणून मला सचिव केलं. बायकांना बसाउठायला हॉल बांधायचा म्हणून मंडळाने वर्गणी गोळा केली होती. कुणी पन्नास दिले, कुणी हजार, मुंबई-पुण्याच्या माहेरवाशिणींनीही पाठवले. ६२ हजार जमून बँकेत पडले होते. हॉलला जागा मिळत नव्हती.

त्या पावसाळ्यात आमच्या कार्यकारिणीतल्या एका काकूंच्या मालकांचा अपघात झाला. पाय मोडला. काकूंचं गटाचं कर्ज आधीच चालू होतं, गट आणखी देऊ शकत नव्हता. मीच सुचवलं की मंडळाचे पैसे नुसते पडून आहेत, त्यातले १५ हजार काकूंना देऊ, शेकडा दोन रुपये व्याजाने. गटात देतो तसेच. सगळ्या हो म्हणाल्या. मी ठराव लिहिला, सूचक-अनुमोदकांची नावं घातली, चेकने पैसे दिले. काकूंनी दहा महिन्यांत व्याजासकट फेडले. एकही हप्ता चुकला नाही. मला तर अभिमान वाटत होता की आमचं मंडळ किती शिस्तीत चालतं.

वर्षाच्या शेवटी ऑडिटला गेलो. ऑडिटरनी ती नोंद पाहिली आणि विचारलं, "या बाई कोण?" मी म्हटलं, "आमच्या कार्यकारिणी सदस्य." त्यांनी एक छापील कागद पुढे केला. ऑडिटरला ज्या प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागतात त्यांची ती यादी होती. त्यात एक प्रश्न असा होता की विश्वस्तांपैकी कोणी ट्रस्टचा देणेकरी आहे का. ते म्हणाले, "इथे मला 'होते' असं लिहावं लागेल."

पुढे धर्मादाय ऑफिसातून खुलासा मागणारं पत्र आलं. सगळ्यांच्या नावे आलं, काकूंच्याही. पोस्टमनने दारात हाक मारून दिलं, गल्लीने पाहिलं. आम्ही लेखी खुलासा दिला, पैसे पूर्ण वसूल झाल्याचं बँकेचं पासबुक जोडलं, आणि पुढे काही कारवाई झाली नाही. पण गावात व्हायचं ते झालं. मंडळाचे पैसे काकूंनी वापरले म्हणे. फेडले, तेही व्याजासकट, हे कोण कुणाला सांगत बसतंय? काकू दोन वर्षं मंडळात आल्या नाहीत. सुचवणारी मी, ठराव लिहिणारी मी, आणि तोंड लपवायची वेळ त्यांच्यावर आली.

तर आम्ही चुकलो कुठे? चोरी नाही, लपवाछपवी नाही, वही चोख. मग?

आपल्या गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, वेळेवर हिशोब. यातलं तिसरं सूत्र बघा, अंतर्गत कर्ज. गट त्यासाठीच असतो. दहा-बारा जणींनी आपलाच पैसा एकत्र ठेवला, आपल्यातच फिरवला, व्याज आलं तेही आपल्यातच राहिलं. उद्या गट मोडला तर पैसा वाटून घेता येतो, कारण तो आपला आहे.

ट्रस्टचा पैसा आपला नसतो. देवळाच्या पेटीत पडलेला रुपया, शाळेला मिळालेली देणगी, हॉलसाठी गोळा केलेली वर्गणी हे देणाऱ्याने एका कामासाठी दिलं. ते त्याचंही राहिलं नाही आणि आपलंही झालं नाही, ते त्या कामाचं झालं. आपण फक्त सांभाळणाऱ्या. शेजारणीने गावाला जाताना मंगळसूत्र ठेवायला दिलं, आणि ते आपण आपल्या लग्नाला आठ दिवस घालून, धुऊनपुसून परत केलं, तर? परत तर केलं. तरी ते घालायचा आपल्याला हक्क नव्हता.

कायद्यात हे स्पष्ट शब्दांत लिहिलंय. आपल्या राज्यात १९५० सालचा कायदा आहे, आधी त्याला मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणत, आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणतात. त्याच्या कलम ३६-अ मध्ये सांगितलंय की विश्वस्ताने ट्रस्टचा पैसा आपल्या स्वतःच्या वापरासाठी कर्जाऊ घ्यायचा नाही. व्याज देऊनही नाही. ठराव करूनही नाही. सगळे एकमताने हो म्हणाले तरी नाही. दुसऱ्या बाजूने, ट्रस्टसाठी बाहेरून कर्ज काढायचं तर आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. देवळाचा कळस करायचाय म्हणून अध्यक्षांनी परस्पर कुणाकडून चार लाख उचलले, हेही चालत नाही.

त्याच कलमात विश्वस्ताने किती काळजी घ्यायची त्याचं मापही दिलंय. साधारण शहाणा माणूस स्वतःचा पैसा, स्वतःची मालमत्ता जितक्या काळजीने सांभाळेल तितकी काळजी. मला हे माप फार आवडतं, कारण ते बायकांना समजावून सांगावं लागत नाही. तुम्ही घरात कोऱ्या चेकवर सही करून ठेवाल का? वाण्याचं बिल न बघता पैसे द्याल का? सोनं मोडायला दिलं तर पावती न घेता घरी याल का? मग ट्रस्टमध्येही तसं करायचं नाही. कायदा तुमच्याकडून वकिलाइतकं ज्ञान मागत नाही.

आता तुमच्यापैकी काही जणी म्हणतील, मी कुठल्या ट्रस्टवर नाही बाई. जरा थांबा. सार्वजनिक ट्रस्ट म्हणजे नुसतं देवस्थान नव्हे. मठ, चर्च, अग्यारी, धर्मादाय निधी तर आहेतच; शिवाय १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली धर्मादाय कामासाठी नोंदवलेली संस्थाही यात येते. म्हणून आपल्याकडच्या महिला मंडळांना, शिक्षण संस्थांना, वाचनालयांना, व्यायामशाळांना दोन-दोन प्रमाणपत्रं असतात. आणि अशा संस्थेची कार्यकारिणी कारभार बघते म्हणून विश्वस्ताची कर्तव्यं तिला लागू होतात. तुमच्या कागदावर 'विश्वस्त' हा शब्द नसेल, 'कार्यकारिणी सदस्य' असेल, 'खजिनदार' असेल, तरी तुम्ही यात आलात. वक्फची व्यवस्था वेगळ्या कायद्याखाली, वक्फ मंडळाकडे असते. घरातल्या माणसांपुरता केलेला खाजगी ट्रस्ट १८८२ च्या कायद्याखाली येतो, तो आपला आजचा विषय नाही. आणि बचत गट तर ट्रस्ट नाहीच. गटाचे नियम गटाला, ट्रस्टचे ट्रस्टला. मी तेच मिसळले होते.

हिशोबाकडे येऊ. इथे आपण बाया पुरुषांपेक्षा पुढे आहोत, हे मी तालुका फिरून सांगते. किर्द, खतावणी, पावती पुस्तक, खर्चाची व्हाउचरं, बैठकीचं प्रोसिडिंग हे सगळं तुम्ही गटात लिहिता. ट्रस्टलाही हेच लागतं. शिवाय जंगम आणि स्थावर मालमत्तेचं रजिस्टर लागतं. देवाचे दागिने, समया, भांडी, स्पीकर, सतरंज्या जंगमात. जमीन, इमारत स्थावरात. दागिन्यांचं वजन लिहा. "देवीचा हार, एक" एवढंच लिहिलं असेल तर पुढच्या वर्षी हार तोच आहे की हलका झालाय हे देवीच सांगणार!

वर्ष ३१ मार्चला बंद करायचं. मग ऑडिट. सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबर संपेपर्यंत ते व्हायला हवं आणि अहवाल धर्मादाय ऑफिसात जायला हवा, आता तो ऑनलाइन भरतात. ठरावीक मर्यादेच्या वर उत्पन्न असलेल्या ट्रस्टला वर्ष सुरू व्हायच्या एक महिना आधी अंदाजपत्रकही द्यावं लागतं. मी अशी देवस्थानं पाहिली आहेत की जत्रेला लाखाचा खर्च होतो आणि सात-सात वर्षं ऑडिट नाही. विचारलं तर म्हणतात, देवाचं काम आहे, हिशोब देव बघतो. ऑडिटर मात्र देवाची सही घेत नाही.

ऑडिटरच्या त्या छापील यादीत आणखी बरेच प्रश्न आहेत आणि प्रत्येक ट्रस्टी बाईने ते एकदा वाचावेत असं मला वाटतं. हातातली शिल्लक वहीशी जुळते का? ट्रस्टचा पैसा दुसऱ्याच कामाला वापरला गेला का? प्रोसिडिंग लिहिलेलं आहे का? गुंतवणुकीत कुणा विश्वस्ताचा स्वतःचा काही संबंध आहे का? आणि एक मोठा मजेदार प्रश्न, दुरुस्ती किंवा बांधकामाचा खर्च पाच हजारांच्या वर असेल तर निविदा मागवल्या होत्या का? पाच हजारांत आज पत्र्याची शेडसुद्धा होत नाही. म्हणजे बहुतेक प्रत्येक कामाला दोन-तीन ठिकाणचे दर लेखी घ्यायला हवेत. आपल्याकडे काय होतं? अध्यक्षांचा मेहुणा गवंडी असतो. तो चांगलं काम करत असेलही, पण दुसऱ्याचा दर घेतलाच नाही तर कळणार कसं? आणि चर्चा चालू असताना अध्यक्षांनी बाजूला बसावं, तेही प्रोसिडिंगात लिहावं.

शिल्लक पैसा कुठे ठेवायचा, यावरही बंधन आहे. कलम ३५ बघा. लगेच खर्चायचा नसेल तो पैसा पोस्टात, शेड्यूल्ड बँकेत, सरकारने त्यासाठी मान्य केलेल्या सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांसारख्या ठिकाणी ठेवायचा. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. पतसंस्था टक्काभर जास्त व्याज देते म्हणून देवस्थानाची ठेव तिथे ठेवली आणि ती बुडाली, अशा वेळी "आम्ही ट्रस्टच्या फायद्यासाठीच केलं" हे सांगून सुटका होत नाही. दुसरीकडे गुंतवायचंच असेल तर आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी. आणि खजिनदाराच्या घरातल्या डब्यात तर अजिबातच नको. डबा कितीही प्रामाणिक माणसाच्या घरातला असो.

दानपेटीचं तर मी हात जोडून सांगते. पेटी एकटीने उघडू नका. चार माणसांसमोर उघडा, मोजा, कागदावर आकडा लिहा, हजर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरा. यात अविश्वास कुणावरच नाही. बाई पेटीजवळ दिसली की गावाला बोलायला वेळ लागत नाही, तो कागद तुमच्यासाठी आहे.

कुणी एका कामासाठी म्हणून देणगी दिली तर ती त्याच कामाला लावायची. अन्नदानाला दिलेले पैसे रंगकामाला नाहीत. पावतीवरच काम लिहून टाका, म्हणजे पुढे वाद नाही.

जमिनीचा भाग सगळ्यात मोठा, आणि मोठे घोटाळे तिथेच होतात. देवळाला जुनी जमीन असते, कुणीतरी कसत असतं, खंड किती येतो ते दोघा-तिघांनाच माहीत. कलम ३६ सांगतं की ट्रस्टची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या आधीच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही, अदलाबदल करता येत नाही, बक्षीस देता येत नाही. भाड्यानेसुद्धा शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त, आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने देता येत नाही. देवळासमोरच्या गाळ्यांचे अकरा-अकरा वर्षांचे करार मी पाहिलेत, स्टॅम्पपेपरवर, सगळ्या ट्रस्टींच्या सह्यांसकट. एका बाईची सहीही त्यात होती. तिला विचारलं तर म्हणाली, "मला वाटलं भाडेपावती आहे." म्हणून जमिनीचा, गाळ्याचा, करारनाम्याचा कागद पुढे आला की एकच विचारायचं: धर्मादाय आयुक्तांचा आदेश कुठाय? आदेश आधी, सही नंतर.

आता बदल अर्ज. ऑफिसात त्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. धर्मादाय ऑफिसात प्रत्येक ट्रस्टचं एक पान असतं, त्यात ट्रस्टचं नाव, विश्वस्तांची नावं, मालमत्ता, सगळं लिहिलेलं. त्याला पीटीआर म्हणतात, त्याचा उतारा मिळतो, आपल्या सातबाऱ्यासारखाच समजा. त्या पानावरचं काहीही बदललं, म्हणजे विश्वस्त वारला, राजीनामा दिला, नवा निवडला, जमीन दान मिळाली, तर ९० दिवसांच्या आत कळवायचं असतं. उशीर झाला तर उशीर माफीचा अर्ज जोडून कारण सांगावं लागतं.

हे किरकोळ वाटतं, पण सगळ्यात जास्त बाया यातच अडकतात, दोन्ही बाजूंनी. एक बाजू अशी: तुम्ही निवडून आलात, दोन वर्षं राबलात, पण बदल अर्ज कुणी दिलाच नाही. उताऱ्यावर तुमचं नावच नाही, तिथे अजून वारलेल्या आबांचं नाव आहे. बँक विचारत नाही, ऑफिस विचारत नाही, तुमच्या कामाला कागदावर जागाच नाही. दुसरी बाजू जास्त वाईट. तुम्ही कंटाळून राजीनामा दिला, अध्यक्षांच्या हातात दिला, त्यांनी खिशात ठेवला. बदल अर्ज नाही. पाच वर्षांनी काही भानगड निघाली की नोटीस तुमच्या दारात. म्हणून राजीनामा द्याल तेव्हा दोन प्रती करा, एकीवर तारखेसह पोच घ्या, तो मंजूर झाल्याचा ठराव मागा, आणि उताऱ्यावरून नाव निघेपर्यंत पाठ सोडू नका. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

नवऱ्याला पाठवून चालतं का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. सरपंचपती आपण सगळ्यांनी पाहिलेत, ट्रस्टीपतीही असतात. बैठकीला नवरा जातो, बोलतो नवरा, सही घरी येऊन बायकोची. विश्वस्ताचं काम असं दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. मालक गाडीवर सोडायला आले तर चांगलंच, पण खुर्चीवर तुम्ही बसा. आणि मानधनाचं म्हणाल तर ट्रस्टच्या घटनेत तशी तरतूद असल्याशिवाय विश्वस्ताने आपल्या कामाचे पैसे घ्यायचे नसतात. एसटीचं तिकीट, झेरॉक्स असा झालेला खर्च व्हाउचर लावून घ्या, त्यात लाजायचं कारण नाही.

चुकलं तर काय होतं? भीती घालायची नाही मला, पण माहीत असावं. वारंवार हिशोब न देणं, आदेश न पाळणं, कर्तव्याकडे सतत दुर्लक्ष, ट्रस्टच्या पैशाचा अपहार, अशा कारणांसाठी विश्वस्ताला निलंबित करता येतं, काढून टाकता येतं. ट्रस्टचं नुकसान झालं तर चौकशी करून ते जबाबदार विश्वस्ताकडून भरून घेण्याचा आदेश होऊ शकतो. इथे एक शब्द नीट ऐका. हे नुकसान चोरीमुळेच झालेलं असावं असं नाही, घोर निष्काळजीपणामुळे झालेलंही यात येतं. म्हणजे "मी एक रुपया घेतला नाही" हे उत्तर पुरत नाही, "मी बघितलं का" हाही प्रश्न येतो. आणि मुद्दाम पैसे लाटले असतील तर फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा आहेच, पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या ४०६ कलमात होता, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१६ मध्ये आहे.

प्रामाणिक चुकीला आणि लबाडीला ऑफिस एकाच तराजूत तोलत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. आमच्या वेळी ठराव, चेक, पासबुक सगळं होतं म्हणून खुलासा देता आला. रोखीने दिले असते तर आज मी इथे बोलत नसते.

मग बैठकीत सगळे एका बाजूला आणि तुम्ही एकट्या असाल तर करायचं काय? दहा पुरुषांत, त्यात कुणी चुलत सासरे, कुणी भाऊजी, तिथे तोंड उघडणं किती अवघड आहे हे मला ठाऊक आहे. भांडायची गरज नाही. शांतपणे एवढंच म्हणायचं, "माझा या ठरावाला विरोध आहे, तसं लिहून घ्या." लिहिलंय का ते वाचूनच सही करायची. लिहीत नसतील तर सहीच्या शेजारी आपल्या हाताने लिहायचं, "या ठरावाला माझी संमती नाही," आणि तारीख. तेही करू देत नसतील तर दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना पत्र, पोच घेऊन. प्रोसिडिंगमध्ये मोकळी जागा सोडून खाली सह्या घ्यायची पद्धत काही ठिकाणी आहे. त्या मोकळ्या जागेत नंतर काय उगवेल ते सांगता येत नाही, तिथे आडवी रेघ मारायला लावा.

ज्या ट्रस्टी नाहीत त्याही गप्प बसायला बांधील नाहीत. रोज देवळात जाणारी बाई, संस्थेची साधी सभासद, यांनाही कायदा त्या ट्रस्टशी हितसंबंध असलेली व्यक्ती मानतो. त्यांना धर्मादाय ऑफिसात तक्रार करता येते. तक्रारीत ऐकीव गोष्टी नकोत. काय, कधी, किती आणि कागद काय आहे, एवढंच लिहा.

त्या वहिनींचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. मी त्यांना म्हटलं, झेरॉक्स देण्याआधी चार गोष्टी मागा. पीटीआरचा उतारा, ट्रस्टची घटना, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल आणि बँकेचं पासबुक. मंडळींनी "बघू, देऊ" केलं. मग आम्ही दोघी जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात गेलो. प्रमाणपत्रावर असतो तो ट्रस्टचा नोंदणी क्रमांक देवळाच्या पावती पुस्तकावर छापलेला होता, तेवढ्यावर अर्ज करता आला. फी भरली, काही दिवसांनी उतारा हातात आला. सात नावं. त्यातले तीन वारलेले, एक गाव सोडून गेलेले. आणि स्थावर मालमत्तेच्या रकान्यात पाच एकर जमीन, जिचा खंड कुणाला जातो हे वहिनींनी जन्मात ऐकलेलं नव्हतं.

वहिनींनी झेरॉक्स अजून दिलेली नाही. नाही असंही सांगितलेलं नाही. येत्या एकादशीला देवळात बैठक आहे, तिथे त्या उतारा घेऊन जाणार आहेत आणि गटातल्या आणखी दोघी त्यांच्याबरोबर जाणार आहेत. जमिनीचं आधी विचारायचं की वारलेल्या नावांचं, यावर परवा गटात बराच वेळ चर्चा झाली. वहिनी म्हणाल्या, आधी जमीन.